लेक्सिंग्टनची घोड्यांची फार्मं: विकलेली, वाचलेली आणि विकायला काढलेली

गुरुवार

दादा-वहिनी कोलंबसला राहतात, तिथून केंटकीतलं लेक्सिंग्टन गाडीने साधारण तीन तासांवर. सिनसिनाटी ओलांडून ओहायो नदीचा पूल पार केला की पहिले काही मैल नेहमीसारखाच हायवे, पण लेक्सिंग्टन जवळ यायला लागलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फळ्यांची कुंपणं सुरू होतात, एका ओळीत चार फळ्या, टेकडीवरून खाली, परत वर, आणि आत चरणारे घोडे. मी लहानपणापासून पुण्याच्या रेसकोर्सवर बाबांबरोबर पहाटे घोड्यांचा सराव बघायला जायचे, पैज लावायला नाही, नुसतं बघायला, त्यामुळे ही ट्रिप कित्येक वर्षं डोक्यात होती. त्यात यावेळी वहिनीच्या कलीगच्या ओळखीने एक जुनं, सध्या विकायला काढलेलं थरोब्रेड (शर्यतीच्या घोड्यांची जात) फार्म आतून बघायला मिळणार होतं, म्हणून ऑक्टोबरच गाठला. ऑक्टोबरमध्ये तिथल्या किनलंड रेसकोर्सवर रेसही असतात.

हॉटेल हॅम्बर्ग भागात होतं. दुकानं, पार्किंग, रेस्टॉरंट, कुठल्याही अमेरिकन शहरात असतो तसा शॉपिंगचा भाग. पण रस्त्यांची नावं वाचा, सगळी घोड्यांची, सर बार्टन वे, मॅन ओ'वॉर बुलेव्हार्ड. ही सगळी जागा म्हणजे जॉन मॅडनचं हॅम्बर्ग प्लेस फार्म. मॅडनने हॅम्बर्ग नावाचा घोडा 40,001 डॉलरला विकला आणि त्या पैशात हे फार्म उभं केलं. पुढे पाच केंटकी डर्बी विजेते इथे जन्मले, त्यातला सर बार्टन म्हणजे 1919 साली अमेरिकेतला पहिला ट्रिपल क्राउन (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी) जिंकलेला घोडा. आता तिथे मॉल आहे.

फार्मवरच्या घोड्यांची दफनभूमी बांधकामाच्या आड येत होती म्हणून ती उचलून थोडी पलीकडे नेली. संध्याकाळी आम्ही शोधत गेलो. एका भल्यामोठ्या स्टोअरच्या जवळ दगड ओळीने लावलेत, नॅन्सी हँक्स नावाच्या जुन्या काळच्या नामांकित घोडीचा दगड आहे, आजूबाजूला ट्रॉल्यांचा खडखडाट. दगड जपलेत ही चांगली गोष्ट आहे, पण मला तिथे उभं राहवेना. वहिनी म्हणाली, "निदान नावं तरी ठेवलीत गं." मला ते पटलं नाही. जमीन गेली, गवत गेलं, तबेले गेले, मग रस्त्याला घोड्याचं नाव देऊन काय उरतं?

शुक्रवार

पहाटे उठून किनलंडला. हे रेसकोर्स 1936 पासूनचं, आणि सकाळचा सराव कोणालाही फुकट बघता येतो. धुकं होतं, आधी फक्त टापांचा आवाज आणि घोड्यांच्या श्वासाचा फर्रर फर्रर असा ठेका ऐकू यायचा, मग एकदम कुंपणालगत घोडा दिसायचा आणि गेलासुद्धा. थरोब्रेड पूर्ण वेगात हातभर अंतरावरून जातो तेव्हा पायाखालची जमीन हलते हे ज्यांनी अनुभवलंय त्यांना वेगळं सांगायला नको. नंतर ट्रॅक किचनमध्ये नाश्ता केला, तिथे जॉकी, सईस, मालक सगळे एकाच रांगेत अंडी आणि बिस्किटं घ्यायला उभे असतात.

किनलंडच्या शेजारीच व्हर्सेल्स रोडला लागून कॅल्युमेट फार्म. हे फार्म आम्ही फक्त रस्त्यावरून बघितलं, पण मी तिथे बराच वेळ थांबले कारण "ऐतिहासिक फार्म विकणे आहे" या विषयावर बोलायचं तर कॅल्युमेटपासूनच सुरुवात करावी लागते. पांढरं कुंपण, पांढरे तबेले, दारं-खिडक्यांना लाल रंगाची किनार. बाकीच्या बहुतेक फार्मांनी कुंपणं काळी केलीत, कारण डांबरी काळा रंग स्वस्त पडतो आणि जास्त टिकतो, मैलच्या मैल कुंपण पांढरं ठेवणं म्हणजे दरवर्षीचा मोठा खर्च.

1924 मध्ये शिकागोच्या विल्यम मनरो राइट यांनी हे सुरू केलं, कॅल्युमेट बेकिंग पावडरवाले. त्यांना बग्गीच्या शर्यतीच्या घोड्यांची आवड होती. त्यांच्यानंतर मुलगा वॉरन राइट थरोब्रेडकडे वळला आणि मग जे झालं ते रेसिंगच्या इतिहासात परत झालेलं नाही: 1941 ला व्हर्लअवे आणि 1948 ला सायटेशन असे दोन ट्रिपल क्राउन, आणि 1968 पर्यंत आठ केंटकी डर्बी. सायटेशन तर लागोपाठ 16 शर्यती जिंकला आणि दहा लाख डॉलर कमावणारा पहिला घोडा ठरला. या सगळ्याच्या मुळाशी बुल ली नावाचा एक स्टॅलियन, म्हणजे पैदाशीसाठी ठेवलेला घोडा, सायटेशन त्याचाच मुलगा.

वॉरन राइट 1950 मध्ये गेले, पत्नी ल्युसीलने फार्म चालवलं, ती 1982 मध्ये गेली आणि कारभार नातजावई जे. टी. लंडी यांच्याकडे आला. तेव्हा घोड्यांच्या बाजारात पैसा वाहत होता, बँका एकेका स्टॅलियनवर कोट्यवधी डॉलरचं कर्ज देत होत्या. कॅल्युमेटकडे अ‍ॅलिडार होता, 1978 च्या तिन्ही ट्रिपल क्राउन शर्यतींत अफर्म्डच्या मागे दुसरा आलेला पण पुढे बाप म्हणून अफर्म्डपेक्षा कितीतरी पुढे गेलेला. नोव्हेंबर 1990 मध्ये एका रात्री तो स्टॉलमध्ये मागचा पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला, ऑपरेशन झालं पण दोन दिवसांत त्याला मरण द्यावं लागलं. त्याचा विमा 3 कोटी 65 लाख डॉलरचा होता. तेव्हापासून आजपर्यंत त्या रात्री काय झालं यावर लोक वाद घालतायत. मी त्यात पडत नाही, मला एवढंच कळतं की एका घोड्याच्या कमाईवर इतकं मोठं फार्म टांगून ठेवलं होतं आणि तो घोडा गेला. 1991 ला दिवाळखोरी, कर्ज दहा कोटी डॉलरच्या वर.

26 मार्च 1992 ला कॅल्युमेटचा लिलाव झाला. लेक्सिंग्टनमधल्या लोकांना भीती होती की कोणीतरी बिल्डर घेणार, एअरपोर्ट समोरच आहे, शहर वाढतंय, प्लॉट पाडले तर सोनंच. पण हेन्रिक द क्विआत्कोव्स्की नावाच्या, पोलंडमध्ये जन्मलेल्या आणि विमानांच्या व्यवहारात पैसा कमावलेल्या माणसाने 1 कोटी 70 लाख डॉलरना ते घेतलं आणि फार्म फार्मच राहिलं. बुल ली, सायटेशन, अ‍ॅलिडार सगळे तिथेच पुरलेत, त्यांची थडगी जमिनीबरोबरच नव्या मालकाकडे गेली. पुढे 2012 मध्ये परत विक्री झाली, तरी घोडे आहेतच. 2013 चा प्रीकनेस जिंकणारा ऑक्सबो कॅल्युमेटच्या मालकीचा, आणि 2022 ला 80-1 च्या भावात डर्बी मारणारा रिच स्ट्राइक जन्मला कॅल्युमेटमध्येच, फक्त त्यांनी तो आधीच 30,000 डॉलरच्या क्लेमिंग रेसमध्ये (जिथे धावणारा घोडा ठरलेल्या किमतीला दुसरा कोणी विकत घेऊ शकतो) गमावला होता.

दुपारी रेस बघितल्या, दादाने पैज लावली, तो भाग मी सोडून देते.

शनिवार

आजचा दिवस पॅरिस पाइकचा. लेक्सिंग्टनहून पॅरिस नावाच्या छोट्या गावाकडे जाणारा हा रस्ता जमेल तितका हळू चालवा. कडेला चुन्याशिवाय, नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेल्या भिंती आहेत, आयरिश गवंड्यांनी आणि त्यांच्यानंतर गुलाम म्हणून राबवलेल्या काळ्या माणसांनी बांधलेल्या. दगड चुनखडीचा. हाच चुनखडीचा थर सगळ्या भागाच्या खाली आहे, म्हणून गवतात आणि पाण्यात कॅल्शियम, फॉस्फरस भरपूर, आणि शिंगरांची हाडं भक्कम होतात. फार्मची किंमत बंगल्यात नसते, ती या मातीत असते, हे दिवसभरात जो भेटला त्याने आपापल्या शब्दांत सांगितलं.

क्लेबॉर्न फार्म 1910 पासून हॅनकॉक घराण्याकडे आहे, इतकी वर्षं एकाच घराकडे राहिलेलं फार्म म्हणून मला ते बघायचंच होतं. टूर आधी बुक करावी लागते. आमचा ग्रुप छोटा, दाखवणारा माणूस तिथलाच, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या. त्याने कागदाचा चुरचुर आवाज केला की स्टॅलियन कान टवकारून मान बाहेर काढायचे. स्टॅलियन बार्नमध्ये स्टॉलच्या दारावर पितळी पाट्या आहेत, आत्ता राहतो त्याची आणि आधी राहून गेलेल्यांची पण. एका दारावर बोल्ड रूलर आणि त्याच्याच खाली सेक्रेटेरियट, बाप आणि मुलगा. पाटीची अक्षरं पुसून पुसून गुळगुळीत झालीत, कडा मात्र धारदार आहेत. मी हात लावला तर तो म्हणाला, सगळेच लावतात.

सेक्रेटेरियटचं सांगायला हवं. 1973 ला शर्यती चालू असतानाच त्याचे ब्रीडिंगचे 32 शेअर (म्हणजे त्याच्याकडे आपली घोडी आणायचा हक्क) विकले गेले, एकूण 60 लाख 80 हजार डॉलर, तेव्हाचा विक्रम. वडील नुकतेच वारलेले सेथ हॅनकॉक यांनी फोनवर फोन करून ते जमवले. आणि त्या वर्षीची बेलमाँट त्याने 31 लेंग्थने (एक लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) जिंकली, दीड मैल 2 मिनिटं 24 सेकंदांत, अजून कोणी मोडलेला नाही हा वेळ. ज्यांनी बघितली नसेल त्यांनी व्हिडिओ बघा, कॅमेऱ्याला बाकीचे घोडे दाखवायला किती मागे जावं लागतं ते बघा. 1989 मध्ये तो गेला. रेसच्या घोड्याचं साधारणपणे डोकं, हृदय आणि खूर पुरतात, याला अख्खा पुरलाय. ऑफिसच्या मागे छोटी जागा, साधा दगड, नाव आणि साल. कोणीतरी ताजी फुलं ठेवली होती. माझ्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ टोपी काढून उभे होते आणि मलाही भरून आलं.

ब्रीडिंग शेडही दाखवतात. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, घोडीला स्टॅलियनकडे आणावंच लागतं, नाहीतर शिंगराची नोंदणी होत नाही. म्हणूनच हा धंदा असा एका जागी गोळा झालाय, जिथे चांगले स्टॅलियन तिथे घोड्या येणार, तिथेच डॉक्टर, तिथेच लिलाव. फार्म तुटली तर ही सगळी साखळी तुटते.

दुपारी स्पेंडथ्रिफ्ट. 1937 मध्ये लेस्ली कोम्ब्स दुसरे यांनी सुरू केलं. 1955 ला नाशुआ हा घोडा साडेबारा लाख डॉलरच्या वर किमतीला घेणाऱ्या सिंडिकेटचे (भागीदारांच्या गटाचे) प्रमुख हेच, नाशुआचा पुतळा आहे तिथे. सिअॅटल स्लू आणि अफर्म्ड, दोन्ही ट्रिपल क्राउनवाले, एका वेळी इथे होते. 1983 मध्ये फार्मचे शेअर बाजारात आणले आणि त्याच दशकात फार्म बुडालं. हात बदलत बदलत 2004 ला बी. वेन ह्यूज यांनी घेतलं आणि परत उभं केलं, आज इनटू मिस्चिफ हा देशातला आघाडीचा स्टॅलियन तिथेच आहे.

आणि आपल्यासाठी खास गोष्ट म्हणजे बडोद्याच्या प्रतापसिंहराव गायकवाडांचा माय बाबू हा घोडा इंग्लंडमध्ये 1948 ची टू थाउजंड गिनीज ही शर्यत जिंकून पुढे कोम्ब्स यांच्यामार्फत विकला गेला आणि या स्पेंडथ्रिफ्टवर येऊन राहिला. महाराजांनी त्याआधी 1945 ला सयाजीराव नावाचं शिंगरू 28,000 गिनींना (गिनी म्हणजे जुनं इंग्रजी चलन) घेतलं होतं, त्याने 1947 ची सेंट लेजर मारली. माय बाबूची मुलगी केरला, आणि केरलाचा मुलगा डमॅस्कस, 1967 चा अमेरिकेतला हॉर्स ऑफ द इयर. मी हे वहिनीला सांगितलं तेव्हा ती शाळेच्या बाईंसारखी ऐकत होती, मग म्हणाली हे आम्हाला बडोद्यात कोणी सांगितलं नाही. ती बडोद्याचीच आहे!

शेजारीच एल्मेन्डॉर्फ फार्म, ते खाजगी आहे. खाणींमध्ये पैसा कमावलेल्या हॅगिन यांनी तिथे ग्रीन हिल्स नावाचा प्रचंड वाडा बांधला, ते गेल्यावर नव्या मालकाने, वायडनर यांनी, कराचा बोजा नको म्हणून 1929 मध्ये तो पाडला. संगमरवरी खांब, पायऱ्या आणि सिंह तेवढे ठेवले. ज्या वाड्यासाठी एवढा खर्च केला तो तीसेक वर्षंही टिकला नाही आणि जमिनीवर घोडे मात्र चरतच राहिले.

रविवार

आज ते विकायला काढलेलं फार्म. नाव आणि जागा सांगत नाही, मालकीणबाईंची इच्छा नव्हती. आजोबांपासूनचं घर, मुलं दुसऱ्या राज्यांत, त्यांना घोड्यात रस नाही. एजंट स्वतः घोड्याच्या घरातला, बूट चिखलाचे, तो आधी घरात घेऊनच गेला नाही. थेट कुरणात. वाकून मातीचा ढेकूळ उचलला, बोटांनी फोडला, म्हणाला हे बघा आणि मग बाकीचं बघू.

जुना बार्न मला सगळ्यात आवडला. मधून गल्ली, दोन्हीकडे स्टॉल, बारा फूट बाय बारा, घोडी विते तो स्टॉल मोठा. ओकच्या फळ्या. एका स्टॉलच्या दाराची वरची कड अर्धचंद्रासारखी आत गेलेली, घोड्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दातांनी कुरतडून कुरतडून झालेली, आणि त्यावर मालकीणबाईंच्या वडिलांनी पत्रा ठोकलेला, तो पत्राही एका कोपऱ्यात चावलेला. आत आता घोडा नव्हता, पण भुसा, गवत आणि चामड्याचा वास भिंतीतच बसलाय. कोपऱ्यात खुंटीवर एक जुनी दोरी आणि खाली खडूने लिहिलेल्या तारखा, कोणती घोडी कधी व्यायली ते. घोडीचे अकरा महिने असतात, आणि 1 जानेवारीला सगळ्या थरोब्रेडचं वय एक वर्षाने वाढतं म्हणून शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत व्हावं अशी सगळ्यांची धडपड, म्हणून तारखा बहुतेक थंडीतल्या. मालकीणबाई म्हणाल्या त्या लहान असताना बर्फात कंदील घेऊन वडिलांबरोबर यायच्या. बोलता बोलता त्यांनी एका तारखेवर बोट ठेवलं आणि पुढे काही बोलल्या नाहीत, आम्ही पण नाही विचारलं.

मी एजंटला सरळ विचारलं, हे फार्मच राहील का? त्याने जे समजावलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं म्हणून नीट लिहिते. लेक्सिंग्टनने 1958 मध्येच शहराभोवती हद्द आखली, शहराच्या सोयी त्या रेषेच्या आतच द्यायच्या, अमेरिकेत असं करणारं हे पहिलं शहर. 1999 मध्ये ठरवलं की ग्रामीण भागात 40 एकरांपेक्षा लहान तुकडा पाडायचा नाही. आणि 2000 पासून शहर शेतमालकाकडून बांधकामाचा हक्क विकत घेतं. म्हणजे जमीन तुमचीच, राहा, विका, मुलांना द्या, पण त्यावर कॉलनी होणार नाही, आणि ही अट जमिनीला कायमची चिकटते, मालक कितीही बदलू देत. मालकाला रोख पैसे मिळतात, म्हणजे कर भरायला, छप्पर दुरुस्त करायला जमीन विकायची वेळ येत नाही. 2006 मध्ये वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाने हा सगळा प्रदेश धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकला होता, आणि 2023 मध्ये शहराने हद्द वाढवायचं ठरवलंच, म्हणजे दबाव आहेच.

या फार्मने तो हक्क अजून विकलेला नाही. एजंट म्हणाला, हक्क विकला की भाव कमी येतो, म्हणून बरेच जण थांबतात. माझं मत मी मालकीणबाईंना तोंडावर सांगितलं, काकू, आधी तो करार करा आणि मग विका. दादाने माझ्याकडे बघितलं, परक्याच्या पैशाच्या गोष्टीत कशाला बोलते म्हणून. पण त्या रागावल्या नाहीत, म्हणाल्या वकिलाशी त्याबद्दलच बोलणं चालू आहे. मला खरंच वाटतं की फार्म विकण्यात वाईट काही नाही, कॅल्युमेट विकलं गेलं म्हणून वाचलं, स्पेंडथ्रिफ्टही. वाईट आहे ते तुकडे करून विकणं. आपल्याकडे महालक्ष्मी रेसकोर्सच्या 211 एकरांतले 120 एकर पार्कसाठी गेले तेव्हा किती वाद झाला, निदान तिथे मोकळी जागा मोकळी राहणार आहे.

संध्याकाळी केंटकी हॉर्स पार्क, पाय दुखत होते तरी गेलो. मॅन ओ'वॉरचा पुतळा आणि खाली त्याची समाधी. 21 शर्यतींत 20 जिंकल्या, एकच हरला, 1919 ला, हरवणाऱ्या घोड्याचं नाव अपसेट. 1947 मध्ये तो गेला, त्याला अनेक वर्षं सांभाळणारे सईस विल हारबट त्याच्या महिनाभर आधी गेले होते. आधी तो फारअवे फार्मवर पुरला होता, मग इथे आणला. जवळच आयझॅक मर्फी यांची समाधी, तीन डर्बी जिंकलेले काळे जॉकी, 1884, 1890, 1891. 1875 च्या पहिल्या डर्बीत 15 पैकी 13 जॉकी काळे होते, हे मालकांच्या वाड्यांच्या गोष्टी सांगताना लोक विसरतात. म्युझियममध्ये कॅल्युमेटच्या ट्रॉफ्या आहेत, कपाटांमागून कपाटं, दिवाळखोरीनंतर त्या बाहेर विकल्या जाणार होत्या पण लोकांनी वर्गणी काढून, शाळेतल्या पोरांनीही नाणी जमवून, त्या राज्यात ठेवल्या. हे सगळं बघताना मला पुण्याच्या पूनावाला स्टड फार्मची आठवण झाली, 1946 चं, तिथले रेसमधून निवृत्त झालेले घोडे सीरम बनवायला मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जायचे आणि त्यातूनच 1966 मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. घोड्याच्या फार्मातून कुठे काय निघेल सांगता येत नाही.

सोमवार

सकाळी परत कोलंबस. निघताना मुद्दाम व्हर्सेल्स रोडवरून गाडी घेतली, दादा कुरकुरला कारण ते उलट्या दिशेला आहे.

कोणी जाणार असेल तर: किनलंडच्या रेस एप्रिल आणि ऑक्टोबरमध्येच असतात, शिंगरं बघायची असतील तर एप्रिल, गर्दी आणि हॉटेलचे भाव तेव्हा जास्त. क्लेबॉर्नचं बुकिंग बरंच आधी करा. पेपरमिंट स्वतःच्या घेऊन जाऊ नका, विचारल्याशिवाय काही खायला घालायचं नाही. विकायला काढलेल्या फार्मचं काय झालं ते कळलं की लिहीन, एजंटने करार झाल्यावर कळवतो म्हटलंय.